मित्राचे सिंहासन डळमळते तेव्हा

दोन राष्ट्रांची मैत्री म्हणजे नेमकी कोणाची कोणाशी मैत्री? करारावर सह्या करणाऱ्या दोन माणसांची, की त्या दोन देशांत राहणाऱ्या लोकांची? राज्यशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर सोपे आहे. राज्य ही कायमची संस्था आहे, सरकारे येतात नि जातात, आणि करार होतात ते राज्याराज्यांत. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु एखाद्या देशात हुकूमशहा गादीवर बसलेला असतो, त्याला पाठीशी घालणारे बडे राष्ट्र दूर कोठे तरी असते, आणि एके दिवशी त्या देशातील माणसे लाखांनी रस्त्यावर उतरून त्याला 'चालते व्हा' म्हणू लागतात, तेव्हा या सोप्या उत्तराची पार दैना होते. त्या बड्या राष्ट्राने आता करावे तरी काय? मित्राला धरून राहावे, तर उद्या सत्तेवर येणारी माणसे आपली वैरी होणार. मित्राला सोडावे, तर बाकीचे मित्र म्हणणार, आज त्याची पाळी, उद्या आमची. गप्प बसावे, तर दोन्ही बाजू संशय घेणार. धरले तर चावते नि सोडले तर पळते, अशातली गत.

या पेचाविषयी मी गेल्या वर्षभरात जमेल तसे वाचत आलो. इराण, फिलिपिन्स आणि नेपाळ या तीन देशांच्या हकिकती मला विशेष बोलक्या वाटल्या. त्यांतला नेपाळचा पेच तर दुसऱ्या कोणाला नव्हे, आपल्याच देशाला पडलेला होता. अमेरिकेला नावे ठेवणे आपल्याला फार सोपे जाते, म्हणून नेपाळ मुद्दाम घेतला आहे. वाचता वाचता माझे एक मत बनत गेले ते आधीच सांगून टाकतो. हा पेच लोक रस्त्यावर येतात त्या दिवशी पडत नाही. तो वीस-पंचवीस वर्षे आधीपासून, सोयीच्या एकेका निर्णयातून विणला जात असतो. ज्या राष्ट्राला दुसऱ्या देशातला राजवाडा सोडून एकही घर ठाऊक नसते, त्याच्या हाती ऐन वेळी ठरविण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

प्रथम इराण घेतो. १९५१ साली इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांनी तोवर ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात असलेल्या तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेची सी.आय.ए. आणि ब्रिटनचे गुप्तहेर खाते यांनी मिळून त्यांचे सरकार उलथवले, आणि देश सोडून रोमला गेलेले शहा मोहम्मद रझा पहेलवी परत आले. त्या दिवसापासून शहा इराणचे राजे तर होतेच, पण लोकांच्या मनात ते परक्यांनी आणून बसवलेले राजे झाले. पुढे पंचवीस वर्षांनी 'हा इराणचा अंतर्गत प्रश्न आहे' असे अमेरिका म्हणू लागली तेव्हा इराणात कोणाचा म्हणून त्यावर विश्वास बसला नाही. खुद्द शहांचाही नाही.

अमेरिकेला शहा का हवे होते हेही पाहिले पाहिजे, कारण केवळ दुष्टपणा म्हणून सोडून दिले तर काहीच उलगडत नाही. इराणची उत्तर सरहद्द सोव्हिएत युनियनला भिडलेली. रशियन क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर पाळत ठेवणारी अमेरिकन ठाणी तेथल्या डोंगरांत होती. तेल होते. १९७१ साली ब्रिटनने इराणच्या आखातातून आपले सैन्य काढून घेतले, अमेरिका व्हिएटनाममध्ये गुंतलेली, तेव्हा त्या समुद्राला एक राखणदार पाहिजे होता. मे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन तेहरानला गेले आणि अण्वस्त्रे वगळता हवी ती शस्त्रे विकत घेण्याची मुभा शहांना देऊन आले. राखणदाराला दुखवायचे नाही, हे मग आपोआपच धोरण ठरले. शहांच्या विरोधकांशी भेटीगाठी ठेवलेल्या शहांना खपत नसत, म्हणून अमेरिकन वकिलातीने त्या जवळजवळ बंद केल्या. वकिलातीतल्या फार थोड्यांना फारसी बोलता येई. मग देशात काय चालले आहे हे कळायचे कसे? तर सावाककडून. सावाक म्हणजे १९५७ साली स्थापन झालेली शहांची गुप्त पोलीस संघटना.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात. मी रात्री काय वाचतो याची त्यांना उत्सुकता असते, म्हणून एकदा हा सावाकचा भाग त्यांना समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हंजी आडत्याच्या मुनिमालाच इचारायचं, बाबा रं, तुझा मालक वजनात मारतो का?" मी याच विषयावरची दोन जाड इंग्रजी पुस्तके ग्रंथालयातून आणून शब्दकोश घेऊन वाचली होती. त्यांत याहून वेगळे काही सांगितलेले नाही.

१९७७ साली जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. मानवी हक्क हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा पाया राहील असे ते सांगत होते. त्यामुळे इराणातल्या वकिलांना, लेखकांना थोडा धीर आला आणि शहांना थोडी धास्ती वाटली. नोव्हेंबरात शहा वॉशिंग्टनला गेले तेव्हा व्हाइट हाऊसबाहेर इराणी विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, वारा नेमका आतल्या बाजूला वाहत होता, आणि हिरवळीवर स्वागताची भाषणे करताना दोघेही राष्ट्रप्रमुख रुमालाने डोळे पुसू लागले. ही हकिकत मला फार आवडते. परंतु त्या धुराचा अर्थ कोणी लावला नाही. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानच्या राजवाड्यातील मेजवानीत कार्टर यांनी इराणचा गौरव अशांत प्रदेशातील 'स्थैर्याचे बेट' असा केला.

आठवडाभरातच बेट हलू लागले. ७ जानेवारी १९७८ रोजी 'इत्तेलाआत' या दैनिकात इराकमध्ये हद्दपारीत असलेल्या आयातुल्ला खोमेनींची बदनामी करणारा लेख आला. कोम या धर्मक्षेत्रात विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबारात काही मेले. आपल्याकडे तेरावा असतो तसा तेथे चाळिसावा पाळतात. कोमच्या मृतांचा चाळिसावा तबरीझमध्ये पाळला गेला, तेथे पुन्हा माणसे मेली. त्यांचा चाळिसावा यज्द येथे. दर चाळीस दिवसांनी शोक आणि दर शोकात नवे मृत, अशी ती साखळी होती. अशा चळवळीला ना कार्यालय लागते ना वर्गणीदार. तिला आवर घालण्यासाठी सरकार जे करील त्यानेच ती वाढते. १९ ऑगस्टला आबादान येथे रेक्स नावाचे चित्रपटगृह आतल्या प्रेक्षकांसह जळाले, चारशेच्या आसपास माणसे गेली. लोकांनी तत्काळ सावाकवर बोट ठेवले. पुढे क्रांतीनंतर खटला चालून शिक्षा झाली ती धर्मवादी गटाशी संबंधित माणसाला. म्हणजे आरोप खोटा होता, पण तोवर सरकारच्या बाजूने खरे बोलले तरी कोणी ऐकेना. आणि याच ऑगस्टमध्ये सी.आय.ए.चा अहवाल सांगत होता की इराण क्रांतीच्या अवस्थेत नाही, क्रांतिपूर्व अवस्थेतही नाही!

८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात लष्कराने जमावावर गोळ्या चालवल्या. मृतांचा सरकारी आकडा शंभराच्या आत, विरोधकांचा हजारांत. कार्टर त्या वेळी इजिप्त आणि इस्रायल यांच्यात तह घडवून आणण्यासाठी कँप डेव्हिडला बसलेले होते. एका अर्थी तोही शांततेचाच उद्योग. तेथून त्यांनी दोन दिवसांनी शहांना फोन करून पाठिंबा कळवला. ही बातमी इराणात पोचली तेव्हा लोकांना तिचा एकच अर्थ कळला.

ऑक्टोबरात तेल कामगार संपावर गेले. आता खरा पेच उभा राहिला. राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की म्हणत, शहांनी कठोर व्हावे, लष्कर वापरावे, आम्ही पाठीशी आहोत. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या खात्याचे म्हणणे, रक्त सांडून राज्य टिकत नाही, विरोधकांना सत्तेत घ्यावे. शहा वकिलातीला विचारत राहिले, तुम्हांला नक्की काय हवे आहे? उत्तर येई, तुम्ही ठरवाल त्याला आमचा पाठिंबा. आपल्याला हे उत्तर सभ्यपणाचे वाटेल. पण ज्या माणसाला १९५३ साली परत आणून बसवले होते त्याला ते कसे ऐकू गेले असेल? माझ्या वाचनातून मला असे दिसते की गोळीबाराची जबाबदारी वॉशिंग्टनने घ्यावी असे शहांना वाटत होते, आणि ती शहांनी घ्यावी असे वॉशिंग्टनला. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. त्यात शहांना कर्करोग झालेला. फ्रेंच डॉक्टरांना तो १९७४ पासून ठाऊक होता, अमेरिकेला नव्हता. ज्याच्यावर सगळे धोरण उभे होते त्या एका माणसाचा आजारदेखील ठाऊक नसावा!

९ नोव्हेंबरला राजदूत विल्यम सलिव्हन यांनी वॉशिंग्टनला एक तार पाठवली. आजवर ज्याचा विचार करायचा नाही असे ठरले होते त्याचा विचार आता करावा लागेल, असा तिचा आशय होता. म्हणजे शहा गेले तर पुढे काय, हा. पण हा विचार करायचा तर समोरच्या माणसांना भेटायला हवे. खोमेनी तोवर पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या लहानशा गावी येऊन राहिले होते. जगभरचे वार्ताहर त्यांच्या अंगणात बसत. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेचा एक दूत त्यांच्याकडे पाठवायचे ठरले आणि ऐन वेळी रद्द झाले. त्याऐवजी जनरल ह्यूझर यांना तेहरानला धाडले, इराणी सेनापतींना एकत्र ठेवण्यासाठी. १६ जानेवारीला शहा देश सोडून गेले, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले, ११ फेब्रुवारीला लष्कराने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले. निक्सन यांनी मुभा दिलेली सारी शस्त्रास्त्रे तेथेच होती. ती चालवायची कोणावर, एवढा एकच प्रश्न सैनिकांपुढे होता.

आता फिलिपिन्स. अमेरिकेने तेथे वेगळे वागून दाखवले असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. फर्डिनंड मार्कोस १९६५ साली निवडून आले, १९६९ साली पुन्हा आले, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. अमेरिकेचे क्लार्क येथील विमानतळ आणि सुबिक बे येथील नाविक तळ ही दोन मोठी ठाणी तेथे होती, त्यामुळे वॉशिंग्टनने फारशी कुरकुर केली नाही. १९८१ साली लष्करी कायदा कागदोपत्री उठला तेव्हा उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मनिलातील मेजवानीत मार्कोस यांच्या लोकशाहीनिष्ठेची तारीफ केली. (या मेजवान्यांतील भाषणांचा कोणी तरी एकदा संग्रह काढायला हवा.)

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिनो अक्विनो अमेरिकेतील वास्तव्य संपवून मनिलाला परतले आणि विमानातून उतरता उतरता त्यांना गोळी घालून मारण्यात आले. तेथून अमेरिकन सरकारातल्या काही मंडळींना शहांची आठवण सतावू लागली. इराणपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या होत्या. अक्विनो स्वतः तीन वर्षे अमेरिकेत राहून गेल्यामुळे विरोधी पक्षाची माणसे परकी नव्हती. शिवाय चर्च होते, लष्करातही नाराज अधिकाऱ्यांचा गट होता आणि वकिलातीला तो माहीत होता. राजवाड्याबाहेरची चार घरे ठाऊक होती, असे म्हणू. अध्यक्ष रेगन मात्र मनातून मार्कोस यांचेच. कार्टर यांनी शहांना वाऱ्यावर सोडले अशी टीका त्यांनी स्वतःच केलेली होती, तेव्हा तसेच आपण कसे करावे?

अमेरिकेच्या दडपणाने मार्कोस यांनी मुदतीपूर्वी निवडणूक जाहीर केली. ७ फेब्रुवारी १९८६ ला मतदान झाले. विरोधात अक्विनो यांच्या पत्नी कोराझॉन उभ्या होत्या. दोन दिवसांनी निवडणूक आयोगाच्या केंद्रातून तीसहून अधिक संगणक-कर्मचारी, त्यांत बहुतेक तरुणी, उठून बाहेर आल्या. फलकावर लागणारे आकडे आमच्या यंत्रातल्या आकड्यांशी जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. इमेल्डाबाईंच्या बुटांचे जोड किती होते ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. या मुलींची कोणाला नसते. नोकरीवर लाथ मारून त्या उठल्या, आणि ११ फेब्रुवारीला रेगन पत्रकारांना सांगतात की गैरप्रकार कदाचित दोन्ही बाजूंनी झाले असतील! त्यांनी स्वतः पाठवलेले निरीक्षक याच्या उलट सांगत होते. पुढच्या आठवड्यात हे शब्द मागे घेताना त्यांच्या कचेरीची तारांबळ उडाली.

२२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एन्रिले आणि उपसेनापती रामोस यांनी बंड केले. कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली, आणि एड्सा नावाच्या हमरस्त्यावर लाखो माणसे रणगाड्यांपुढे जाऊन बसली. आमच्या शस्त्रांनी लोकांवर हल्ला कराल तर लष्करी मदत बंद, असा निरोप अमेरिकेने आता मार्कोस यांना दिला. २५ तारखेला पहाटेपूर्वी मार्कोस यांनी सिनेटर लॅक्सॉल्ट यांना वॉशिंग्टनला फोन केला. रेगन यांचे दूत म्हणून ते चार महिन्यांपूर्वी मनिलाला येऊन गेले होते. मी जावे अशी अध्यक्षांचीच इच्छा आहे का, असे मार्कोस यांनी विचारले. लॅक्सॉल्ट यांनी रेगन यांना भेटून उलट फोन केला आणि सांगितले, आता पाश तोडा आणि स्वच्छ तोडा, वेळ आली आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्याच दिवशी दुपारी मार्कोस यांनी पुन्हा अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि रात्री अमेरिकन हेलिकॉप्टरने क्लार्क तळावर गेले.

हे अमेरिकेचे यश म्हणून सांगितले जाते. पण तारखा नीट पाहिल्या तर मुलींनी उठून जाणे, बिशपांचे पत्रक, बंड, रस्त्यावरची गर्दी, हे सगळे आधी आणि वॉशिंग्टनचा निर्णय मागाहून. लोकांनीही हिशोब विसरला नाही. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपिन्सच्या सिनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. ज्या सुबिकसाठी चौदा वर्षे मार्कोस यांना सांभाळले तो तळ पुढच्या वर्षी रिकामा झाला. (लोकांची आठवण कायम टिकते असेही समजू नये. २०२२ साली तेथे मार्कोस यांचे चिरंजीव अध्यक्षपदी निवडून आले.)

नेपाळकडे येताना लेखणी जरा जड होते. सरहद्द उघडी, आपल्या सैन्यात गुरखा पलटणी, नेपाळच्या सेनापतीला भारतीय सैन्यात मानद जनरल हा हुद्दा देण्याची प्रथा. इतकी जवळीक अमेरिकेची इराणशी कधीच नव्हती. भारताचे अनेक वर्षांचे धोरण दोन खांबांचे म्हणून ओळखले जाई: घटनात्मक राजेशाही हा एक खांब आणि बहुपक्षीय लोकशाही हा दुसरा. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधानांना बडतर्फ करून सारी सत्ता हाती घेतली, म्हणजे एका खांबाने दुसरा पाडला. भारताने शस्त्रपुरवठा थांबवला. पण राजाला एकदम दूरही लोटवेना, कारण तो चीनकडे वळेल ही भीती होती आणि त्याने चीनकडून शस्त्रे आणलीही. शिवाय डोंगरांत माओवाद्यांचे सशस्त्र बंड चालू होते. राजा गेला आणि तेच आले तर?

येथे भारताला एक गोष्ट साधली. नोव्हेंबर २००५ मध्ये नेपाळचे सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत. सरकारने तो घडवला असे उघडपणे कोणी म्हणत नाही, पण दिल्लीत तो होऊ दिला हे तर उघडच आहे. म्हणजे राजवाड्याबाहेरच्या माणसांशी बोलणे सुरू होते. आणि तरीसुद्धा शेवटच्या आठवड्यात पाय घसरलाच. ६ एप्रिल २००६ पासून नेपाळात बंद सुरू झाला. काठमांडूभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावर संचारबंदी मोडून लोक रोज जमू लागले. भारताने खास दूत म्हणून डॉ. करणसिंह यांना पाठवले. ते स्वतः काश्मीरच्या राजघराण्यातले आणि त्यांच्या पत्नी नेपाळच्या राणा घराण्यातल्या. राजाचे मन वळवायला सोयरा माणूस बरा, असा विचार असणार. रस्त्यावरच्या लोकांना मात्र हा विचार पसंत पडण्याचे कारण नव्हते. २१ एप्रिलला राजाने भाषण करून कार्यकारी सत्ता परत देत असल्याचे आणि पक्षांनी पंतप्रधानाचे नाव सुचवावे असे जाहीर केले. भारताने लगेच स्वागत केले, अमेरिका व युरोपीय राष्ट्रांनीही केले. लोकांना मात्र पंतप्रधान नको होता, संविधान सभा हवी होती. स्वागताची बातमी काठमांडूत पोचली आणि घोषणांत भारताचेही नाव येऊ लागले.

दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी पत्रकारांपुढे येऊन खुलासा केला की नेपाळी जनतेला जे हवे त्याला भारताचा पाठिंबा राहील. दोन खांबांपैकी एक त्या खुलाशात गळून पडला. २४ एप्रिलच्या रात्री राजाने विसर्जित संसद पुन्हा बोलावली. एकोणीस दिवसांत सारे आटोपले. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळ प्रजासत्ताक झाल्याचे ठरवले. एका दिवसात मत बदलणे हे कोणी धरसोड म्हणेल. मला ते भारताच्या हातून घडलेले त्या महिन्यातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. कार्टर यांना जे वर्षभरात जमले नाही ते येथे चोवीस तासांत जमले, कारण समोर कोण आहे हे ठाऊक होते. बारा कलमांवर सह्या करणारी माणसे दिल्लीने पाहिलेली होती.

मित्र पडला की पेच संपला, असेही नाही. पडलेल्या मित्राला ठेवायचे कोठे? ज्ञानेंद्र कोठेच गेले नाहीत, नारायणहिटी राजवाडा सोडून नेपाळातच साधे नागरिक म्हणून राहिले. त्यामुळे भारत सुटला. मार्कोस यांना हवाई बेटांवर ठेवले, तेथेच १९८९ साली ते वारले. शहा मात्र इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको असे फिरत राहिले. उपचारासाठी त्यांना अमेरिकेत घ्यावे असा मोठमोठ्यांचा आग्रह होता. आपली माणसे तेहरानच्या वकिलातीत ओलीस धरली गेली तर तुम्ही मला काय सल्ला द्याल, असे कार्टर यांनी तेव्हा विचारल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितले. अखेर २२ ऑक्टोबर १९७९ ला शहा न्यूयॉर्कला उतरले. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी वकिलात ताब्यात घेतली. बावन्न माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. १९५३ प्रमाणे शहांना पुन्हा आणून बसवण्याचा हा डाव आहे, असे त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. आजारी माणसाला दिलेला आसरा त्यांना आसरा वाटलाच नाही.

५ ऑगस्ट २०२४ रोजी ही पाळी आपल्यावर आली. पंधरा वर्षे सलग सत्तेवर राहिलेल्या शेख हसीना विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे ढाका सोडून दिल्लीजवळच्या हिंडन विमानतळावर उतरल्या. त्या जुलै-ऑगस्टात चौदाशेपर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अंदाज आहे. डिसेंबरात बांगलादेशाने त्यांना परत मागितले. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यातील न्यायाधिकरणाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड सुनावला आणि मागणी पुन्हा झाली. मागणीला आधार आहे तो दोन्ही देशांत जानेवारी २०१३ मध्ये झालेल्या गुन्हेगार-प्रत्यार्पणाच्या कराराचा. ईशान्य भारतातील बंडखोर बांगलादेशात लपत, ते परत मिळावेत म्हणून भारताला हा करार हवा होता, आणि त्याप्रमाणे 'उल्फा'चे अनुप चेतिया यांना २०१५ साली बांगलादेशाने भारताच्या स्वाधीनही केले. करारावर सह्या झाल्या तेव्हा ढाक्यात सरकार शेख हसीनांचेच होते.